रविवारी सकाळी साडेसहाला फोन येतो "ताई आज नाही जमणार": छोट्या हॉटेलात माणसं, पाळ्या, सुट्ट्या कशा सांभाळता?

तर्री_नाशिक

नमस्कार मंडळी. नाशिकला गंगापूर रोडवर आमचं मिसळीचं हॉटेल आहे, सासऱ्यांनी सुरू केलेलं, गेली चार वर्षं मी बघते. एकावेळी चाळीसेक माणसं बसतात. नाशिककरांना सांगायला नको पण बाकीच्यांसाठी सांगते, आमच्याकडे रविवार सकाळ म्हणजे अख्खं कुटुंब मिसळ खायला बाहेर. आठ ते साडेबारा मान वर करायला वेळ नसतो. इतर दिवशी १३०-१४० प्लेटा जातात, रविवारी ४०० च्या पुढे.

माणसं बारा. आचारी आणि त्यांच्या हाताखाली दोघं, काउंटरला एक, कॅप्टन एक, वेटर चार, पाव-पापड-दही लावून ताट भरणारी एक मुलगी आणि मोरीवर दोन मावशी. सगळ्यांना आठवड्याला एक सुट्टी आहे, पण कोणती ते ठरलेलं नाही, आदल्या दिवशी बघून सांगते. आणि गेले सहा महिने असं चाललंय की रविवारी पहाटे फोन येतो, पोट बिघडलंय, गावाकडं कोणी वारलंय, गाडी पंक्चर आहे. मागच्या रविवारी तिघं नव्हते. मी स्वतः मोरीत उभी राहिले, नवरा टेबलं पुसत होता, आणि बाहेर उभे असलेले लोक घड्याळ बघून निघून जात होते ते मला खिडकीतून दिसत होतं. वर्षात सात जणं सोडून गेली, त्यातला एक तर आमच्याकडे तर्री शिकून पलीकडच्या रस्त्यावर लागला. पगार मी आजूबाजूच्यापेक्षा पाचशे-हजार जास्तच देते, वेळेवर देते, दोन्ही वेळचं जेवण आहे. मग चुकतंय कुठे? सिंहस्थ तोंडावर आलंय, २०२७ ला तर नाशकात माणूस मिळणार नाही कामाला. ज्यांनी हे केलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

गल्ल्यावरचा

ताई स्पष्ट बोलतो, राग मानू नका. पंधरा वर्षं दोन स्नॅक्स सेंटर चालवतोय. तुम्ही फार चांगल्या वागता म्हणून हे होतंय. रविवारी खाडा केला की दोन दिवसांचा पगार कापायचा, लगेच पोट दुखायचं थांबतं. आणि प्रत्येकाकडे थोडी उचल बाकी ठेवायची म्हणजे सोडून जात नाही. मी असंच करतो. माणूस डोक्यावर बसला की उतरवणं अवघड.

कॅप्टन_पुणे

वरच्या दादांचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय, मी मालक नाही, अकरा वर्षं आधी वेटर आणि आता कॅप्टन म्हणून काम करतो, मूळ लातूर जिल्ह्यातला, मोबाईलवर टाइप करतोय तर चुका सांभाळून घ्या. रविवारी सुट्टी मागायची नाही हे आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत असतं, त्याची तक्रार कुणीच करत नाही, धंदाच तसा आहे. तक्रार याची असते की मंगळवारची सुट्टी मंगळवारी सकाळी रद्द होते. माझ्या मुलीचं बारसं होतं तेव्हा मी पंधरा दिवस आधी मालकाला सांगितलं, ते हो म्हणाले, एसटीचं रिझर्वेशन केलं, आणि आदल्या रात्री साडेअकराला गल्ला बंद करताना मालक म्हणाले उद्या पार्टी आलीय तू नाही गेलास तर बरं. मी गेलो. परत आलो तर माझ्या जागी दुसरा उभा. त्या दिवसापासून मी सुट्टी कधी सांगून घेतली नाही, सकाळी फोन केला आणि बंद केला. ताई तुमच्याकडे फोन करणारे सगळे खोटारडे नाहीत, त्यांना एवढंच कळलंय की आधी सांगितलं तर नाही मिळत आणि न सांगता घेतली तर मिळते. हे त्यांना आपणच शिकवलेलं असतं.

पगाराचं म्हणाल तर पाचशे रुपयांसाठी कोणी जात नाही. बायको विचारते पुढच्या आठवड्यात दवाखान्यात कधी नेणार, तर उत्तर देता येत नाही. माणूस त्याने थकतो.

मैत्रेयी_ठाणे

कॅप्टन दादा, प्रत्येक शब्दाला +१. माझे बाबा वेटर होते, घरी कुठलाच कार्यक्रम नक्की म्हणून ठरायचा नाही.

सिस्टर_माई

मी सरकारी हॉस्पिटलमधून सिस्टर इनचार्ज म्हणून निवृत्त झालेय. हॉटेलातलं मला काही कळत नाही पण पाळ्या लावण्यात आयुष्य गेलं म्हणून लिहिते.

तर्रीताई, तुमचा प्रश्न माणसांच्या स्वभावाचा नंतर, आधी गणिताचा आहे. वॉर्डात आम्ही ड्युटी लिस्ट लावायच्या आधी एकच गोष्ट मोजायचो, किती माणसं आहेत हे नव्हे, किती पाळ्या भरायच्यात. समजा रोज बारा जागा भरायच्यात. सात दिवसांच्या झाल्या ८४ पाळ्या. एक माणूस सुट्टी धरून ६ पाळ्या करतो. ८४ भागिले ६, म्हणजे १४ माणसं. बारा जागांना बारा माणसं ठेवली तर पहिल्याच सुट्टीला भोक पडतं, आणि हे आजारपण, लग्नकार्य, बाळंतपण काहीच न धरता.

आता तुम्हीच म्हणता की इतर दिवशी गर्दी तिसरा हिस्सा असते. म्हणजे रोज बारा लागत नसणार. कोणत्या वारी किती जागा खरंच लागतात ते कागदावर लिहा, अंदाजाने नको, आठवडाभर रोज उभं राहून बघा. मग आपण बोलू.

दुसरं. आमची लिस्ट आठवड्याची असायची आणि आदल्या आठवड्यात भिंतीवर लागायची, नाइट लाल शाईने. एकदा लागली की मी स्वतःसुद्धा बदलत नसे. कुणाला अडचण असेल तर तिनेच दुसरीशी बदली ठरवायची, दोघींनी सही करायची आणि मला दाखवायचं. वीस वर्षांत मला पहाटेचे फोन फार थोडे आले.

गल्ल्यावरचा

माई तुमच्याबद्दल आदर आहे पण सरकारी दवाखान्यात पगार सरकार देतं. इथे चौदा माणसं ठेवायची तर जादा दोघांचा पगार काय तर्रीतून काढायचा? मिसळीची प्लेट पाच रुपयांनी वाढवली तरी गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं.

तर्री_नाशिक

सगळ्यांचे आभार. कॅप्टन दादा, तुमचं वाचून मी रात्री बराच वेळ जागी होते. मागच्या दिवाळीत मी ताट भरणाऱ्या मुलीची भाऊबिजेची सुट्टी आदल्या दिवशी रद्द केली होती. ती काही बोलली नाही, नंतरच्या महिन्यात सोडून गेली, आणि मी इतके दिवस समजत होते की तिला जास्त पगार मिळाला म्हणून गेली.

माई, मोजलं. सांगितल्याप्रमाणे आठ दिवस वही घेऊन उभी राहिले. शनिवार-रविवार बारा पाहिजेतच. सोमवार ते शुक्रवार नऊ पुरतात, मी उगाच दहा-अकरा ठेवत होते आणि दुपारी तीन नंतर दोघं-तिघं नुसते मोबाईल बघत बसलेले असायचे. म्हणजे २४ अधिक ४५, एकूण ६९ पाळ्या. माझ्याकडे बारा माणसं गुणिले ६, ७२. तीन उरतात! म्हणजे माणसं कमी नाहीयेत?

सिस्टर_माई

कमी नाहीत, पण काठावर आहेत. एक माणूस आठवडाभर गावी गेला की ६ पाळ्या जातात, तुमच्याकडे शिल्लक ३. तो आठवडा फाटणार. आणि दिवाळी, उन्हाळ्यातल्या लग्नाच्या तिथी, जत्रा धरून असा आठवडा महिन्यातून एकदा तरी येतोच की. तेरावं माणूस घ्या, चौदाव्याची गरज नाही. ते माणूस असं घ्या की ज्याला तीन कामं येतात, आम्ही त्याला रिलीव्हर म्हणायचो, आणि त्याला "जादा" म्हणून वागवू नका. त्याचं नाव लिस्टमध्ये सगळ्यांसारखंच.

तेराव्याने आणखी एक होईल. रविवारी बारा लागतात, म्हणजे दर रविवारी एक जण घरी राहू शकतो. तेरा आठवड्यांतून एकदा प्रत्येकाला रविवार. वर्षातून चार.

राजगुरुनगरकर

धागा आवडला. आमच्या घरात आजोबा आणि काका मुंबईत डबे पोचवायचे, म्हणून थोडी भर घालतो. डबेवाल्यांच्या अचूकपणाचं कौतुक सगळे करतात, डब्यावरच्या खुणा वगैरे, पण ते १८९० पासून टिकलंय ते माणसांच्या मांडणीवर, असं मला वाटतं. वीस-पंचवीस जणांचा एक गट, त्यावर मुकादम, आणि मुकादम म्हणजे ऑफिसात बसणारा साहेब नव्हे, डबे वाहिलेला जुना माणूस. कोण आजारी पडला तर त्याची लाइन सांभाळायला गटात मोकळी माणसं ठेवलेली असतात. गटाची कमाई खर्च वजा जाता सगळ्यांत वाटली जाते, त्यामुळे एकाने खाडा केला तर भार कुणावर पडतो ते सगळ्यांना दिसतं.

आणि सुट्टीचं म्हणाल तर चैत्रात गावच्या जत्रांना खेड, मावळ, जुन्नर, आंबेगाव सगळीकडे मंडळी गावी येतात, पाचसहा दिवस डबे बंद. गिऱ्हाइकांना आधीच सांगितलेलं असतं. काका सांगायचे, एकही गिऱ्हाईक त्यावरून तुटलं नाही, कारण दरवर्षीचं आहे, माहीत आहे. ताई, तुमच्याकडे कुठल्या गावची माणसं आहेत? त्यांच्या जत्रा कधी असतात ते विचारून कॅलेंडरवर लिहा, निम्मे फोन तिथेच कमी होतील.

मांडवीकाठी

पणजीहून. मी हॉटेलच्या हाउसकीपिंगला सुपरवायझर आहे, मूळची सावंतवाडीची. सुट्टीबद्दल वर सगळं आलंय, मी कामाच्या वाटपाबद्दल लिहिते कारण तेही तितकंच खुपतं.

आमच्याकडे प्रत्येक मुलीला रोज १४ रूम असा हिशोब होता. कागदावर सगळ्यांना सारखं. पण गेस्ट राहतोय ती रूम वीस मिनिटांत होते आणि चेकआउटची रूम चाळीस मिनिटं खाते, त्यात समुद्रावरून आलेली फॅमिली असली तर बाथरूममधली वाळूच निघत नाही. डिसेंबरात एका मुलीला चौदातल्या दहा चेकआउट यायच्या आणि दुसरीला चार. दोघींचे आकडे सारखे, एक चारला मोकळी, दुसरी सहा वाजता लिनन ट्रॉलीला टेकून रडत होती, ते मी बघितलं. तेव्हापासून आम्ही चेकआउटला दोन गुण, राहत्या रूमला एक, असं धरून वाटप करतो. वीसच्या वर गुण कुणालाच नाही. जास्त होत असेल तर मी स्वतः दोन रूम घेते.

तर्रीताई, तुमच्या मोरीवरच्या मावशींच्या रविवारचा असा हिशोब केलाय का? ४०० प्लेटा म्हणजे वाटी, ताटली, रश्श्याचं भांडं, दह्याची वाटी, ग्लास, चमचा. तर्रीचं तेल गार पाण्याने निघत नाही.

तर्री_नाशिक

मांडवीकाठी, नाही केला. खरंच नाही केला. वेटरच्या टेबलांचा केला होता, कारण ते दिसतं. मोरी मागच्या बाजूला आहे. आज दुपारी मोजलं, एका मिसळीमागे सहा भांडी, रविवारी दोघींमध्ये अडीच हजार भांडी होतात. गरम पाण्याचा गीझर तिथे नाहीच, आमच्या मागल्या भिंतीपर्यंत लाइन आलेली नाही. उद्या प्लंबरला बोलावलंय.

पगारपत्रक

मी छोट्या आस्थापनांचं पगार-हजेरीचं काम बघतो. दोन-तीन गोष्टी नोंदवतो.

गल्ल्यावरचा दादा, एका दिवसाच्या गैरहजेरीला दोन दिवसांचा पगार कापणं कायद्यात बसत नाही. जेवढी गैरहजेरी तेवढीच कपात. आणि उचल अडकवून माणूस बांधून ठेवणं हे तर फार वाईट आहे, आपल्याकडे ऊसतोडीच्या टोळ्यांचं त्याने काय झालंय ते आपण बघतोच.

महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा आला तेव्हा त्यात दिवसाला ९ तास, आठवड्याला ४८ तास, सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती, आठवड्यातून सलग २४ तास सुट्टी, ओव्हरटाइमला दुप्पट दर आणि विश्रांतीसकट सगळा दिवस साडेदहा तासांत संपला पाहिजे असं होतं. नंतरच्या दुरुस्त्या आणि तुमच्या आकाराच्या हॉटेलला काय लागू होतं ते तुमच्या सल्लागाराकडून एकदा बघून घ्या. पण तो साडेदहा तासांचा मुद्दा हॉटेलवाल्यांनी मुद्दाम वाचावा असा आहे. सकाळी आठ ते तीन, मग "घरी जाऊन ये" आणि संध्याकाळी सहा ते अकरा अशी तुटक पाळी लावतात, भरतात बारा तास पण माणूस पंधरा तास अडकलेला असतो. मधले तीन तास तो घरी जाऊच शकत नाही, गोदामात पोत्यावर झोपतो.

आणि ताई, दहाच्या वर माणसं आहेत म्हणजे ईएसआय (कामगार राज्य विमा) लागू आहे, २१ हजारांपर्यंत पगार असलेल्यांना. पंधरा हजारांवर मालकाचे महिन्याला साधारण ४८८ रुपये (३.२५ टक्के), कामगाराचे ११३ (०.७५ टक्के). त्यात आजारपणाच्या रजेत पगाराच्या ७० टक्के मिळतात, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. ज्याला हे माहीत असतं तो ताप अंगावर काढून तुमच्या किचनमध्ये उभा राहत नाही, आणि खोटं कारणही सांगत नाही. कार्ड काढून हातात द्या, नुसती वर्गणी भरून उपयोग नाही.

गल्ल्यावरचा

ऊसतोडीशी तुलना केलीत ते लागलं. मी कुणाला मारून मुटकून ठेवत नाही, अडीअडचणीला मीच पैसे दिलेत लोकांना, कुणाच्या आईचं ऑपरेशन, कुणाचं घरभाडं. पण हे खरं की ती उचल मी मुद्दाम फिटू देत नाही. विचार करतो.

कॅप्टन_पुणे

दादा एवढं कबूल केलंत हेच खूप आहे. उचल द्या, जरूर द्या, आमच्यासारख्याला बँक कुठे उभं करते. फक्त ती वहीत लिहा, दर महिन्याला किती कापणार ते लिहा आणि सही घ्या. फिटली की फिटली.

तर्री_नाशिक

पाच आठवडे झाले, अपडेट द्यायची राहिली होती.

सगळ्यांना एका सोमवारी दुपारी चार वाजता बसवलं, चहा-भजी केली आणि आधी भाऊबिजेच्या त्या सुट्टीबद्दल सगळ्यांसमोर माझी चूक झाली म्हणून सांगितलं. मग वही उघडली. जत्रा, लग्नं, मुलांच्या परीक्षा, एका वेटरच्या बायकोची डिलिव्हरीची तारीख, सगळं कॅलेंडरवर लिहून घेतलं. आचाऱ्यांच्या गावची जत्रा दोन वर्षं त्यांनी बघितलेली नव्हती, आणि ते कधी बोललेच नव्हते.

पाळ्यांचा तक्ता दर गुरुवारी लागतो, पुढच्या सोमवारपासूनचा. माईंचा नियम जसाच्या तसा, मी बदलत नाही, बदली त्यांनी आपापसात ठरवायची. पहिल्या दोन आठवड्यांत माझाच हात शिवशिवत होता. एका बुधवारी चाळीस माणसांची ऑर्डर आली आणि तिघं सुट्टीवर, जुन्या सवयीने फोन हातात घेतला होता, मग ठेवला. ऑर्डरवाल्यांना अर्धा तास उशिराची वेळ दिली, त्यांनी घेतली.

तेरावी माणूस मिळाली, आधी आमच्याकडेच असलेली ती ताट भरणारी मुलगी. मीच तिच्या घरी गेले होते. तिला आता काउंटरही येतं आणि पाव-पापडाचा साठाही तीच बघते. पगाराचं गणित गल्ल्यावरच्या दादांसाठी सांगते, तिचे पंधरा हजार. रविवारी रांगेतून निघून जाणारे मी मोजले होते, तीन माणसं कमी असली की साधारण पन्नास प्लेटा जायच्या, ११० रुपयांनी साडेपाच हजारांचा गल्ला एका सकाळचा. सगळा काही नफा नाही त्यातला, आणि प्रत्येक रविवारी तिघं नसायचे हेही खरं. पण सोडून गेलेल्या माणसाच्या जागी नवीन शिकवण्यात जो महिना जातो आणि वाया जाणारा माल असतो तो धरला तर मला ती महाग पडत नाही.

पहाटेचे फोन पाच आठवड्यांत दोन आले. एक खरोखर डेंगी होता. दुसऱ्याबद्दल मी विचारलं नाही.

एक अडचण मात्र आली. मोरीवरच्या एका मावशींना वाचता येत नाही. पहिल्या गुरुवारी त्या तक्त्यासमोर नुसत्या उभ्या राहिल्या, ओले हात पदराला पुसत, आणि कुणाला विचारायला त्यांना कसंतरी झालं. आता प्रत्येकाला एक रंग दिलाय, टिकल्यांच्या पाकिटातल्या टिकल्या लावतो, मावशींची हिरवी. ज्या वाराच्या रकान्यात टिकली नाही त्या दिवशी घरी. गेल्या गुरुवारी तक्ता लावला तेव्हा त्या लांबूनच बोट फिरवत रविवारपर्यंत गेल्या, तिथे हिरवी टिकली नव्हती. दोनदा बघितलं आणि मला हाक मारून म्हणाल्या, ताई, इथली पडली वाटतं खाली.

मी म्हटलं नाही मावशी, पडलेली नाही.

सिस्टर_माई

बरं वाटलं गं. गीझरचं काय झालं ते नाही लिहिलंस?

तर्री_नाशिक

बसला माई, दुसऱ्याच आठवड्यात. आता पाण्याची मोटर कमी पडतेय, त्याचा वेगळा धागा काढते.